वृंदाची हजेरी

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी आयसीयूच्या दारासमोरच्या लोखंडी बाकावर बसलो होतो. त्यांनी मास्क खाली ओढला, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "केंजळे, आपण सगळं करून पाहिलं."

ते शेजारी येऊन बसले तेव्हाच मला कळलं होतं. एरवी ते उभ्याउभ्याच बोलायचे.

मी "बरं" म्हणालो. आत जाऊन वृंदाला पाहिलं. नर्सने तिच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिल्या. चष्मा, कंगवा, पाण्याची बाटली. तिचा फोन आधीपासून माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी खाली बिलाच्या खिडकीपाशी उभा असताना तो थरथरला. वाटलं, तिच्या बहिणीचा असेल. पाहिलं तर तिच्या कंपनीचा मेसेज होता. इंग्रजीत लिहिलं होतं की वृंदा केंजळे, तुमची आजची ऑफिसमधली हजेरी नोंदवली आहे, तुमचा दिवस चांगला जावो.

मी तो दोनदा वाचला. कॉम्प्युटरचं काहीतरी चुकलं असेल म्हणून फोन परत खिशात ठेवला. खिडकीतल्या बाईने आधार कार्ड मागितलं, ते मी दिलं.

तेव्हा मी सरकारी आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवायचो. आमच्याकडे हजेरी म्हणजे मस्टरवर सही. वृंदाचं तसं नव्हतं. ती पुण्यातच, खराडीच्या बाजूला, एका परदेशी विमा कंपनीचं काम करणाऱ्या ऑफिसात होती. तिकडच्या दवाखान्यांची बिलं ही मंडळी इथे बसून तपासायची. करोनात सगळे घरी बसून काम करायला लागले. मग कंपनीने परत बोलवायला सुरुवात केली. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन, मग तीन. तीन दिवस ऑफिसच्या गेटवर कार्ड लागलंच पाहिजे, बाकीचे दिवस घरून. वृंदाला ऑफिसला जायला आवडायचं. घरात आम्ही दोघंच. तिला बोलायला माणसं लागायची आणि मी फार बोलणारा नाही.

मग तिचं आजारपण निघालं. पहिल्या केमोनंतर ती ऑफिसला जायची बंद झाली. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली आहे, असं तिने मला सांगितलं. मी पुढे कधी विचारलं नाही.

दुपारी तिला घरी आणलं तेव्हा ऑफिसातली पाचसहा जणं आली. शबाना तांबोळी सगळ्यांच्या पुढे. ती आणि वृंदा कित्येक वर्षं शेजारीशेजारी बसायच्या. शबाना आत आलीच नाही, जिन्याच्या पायरीवर बसली. गळ्यात ऑफिसची पट्टी तशीच होती.

"भाऊजी, मला सकाळी का नाही कळवलंत?"

"कुणालाच कळवलं नव्हतं गं."

"मला कळवायला हवं होतं हो. मला सकाळीच कळवायला हवं होतं."

हे ती इतक्यांदा म्हणाली की वृंदाच्या बहिणीने तिला उठवून आत नेलं. अशा वेळी माणूस काहीही बोलतं, असं मी धरून चाललो.

महिना-सव्वा महिना गेला असेल. एक दिवस वर्गात असताना फोन आला.

"सर, मी गौतमी पारखी बोलतेय. वृंदा मॅडमच्या कंपनीतून, एचआर. आत्ता बोलू शकता का?"

"बोला."

"मॅडमचं रेकॉर्ड बंद करायचंय. एकदा यावं लागेल तुम्हाला. लॅपटॉप आणि आयकार्ड घेऊन या. आणि सर, एक अडचण आहे."

"कसली?"

"हजेरीची."

"हजेरीची? तिच्या?"

"समोर बसून बोलू ना आपण," ती म्हणाली.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता, वृंदाने ठेवला होता तिथेच. कार्ड मात्र सापडेना. तिच्या तिन्ही पर्स उलट्या केल्या. कपाट पाहिलं, फ्रिजवरची टोपली पाहिली. शेवटी शबानाला फोन लावला. म्हटलं, "वृंदाचं कार्ड ऑफिसात राहिलंय का, जरा तिच्या ड्रॉवरमध्ये बघशील?"

ती म्हणाली, "मी घरी येते."

संध्याकाळी स्कूटरवरून आली. खुर्चीत बसायच्या आधी तिने पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर वृंदाचा नोकरीला लागली तेव्हाचा फोटो होता. लांब वेणी, डोळे मोठे केलेले.

"हे तुझ्याकडे कसं?"

"आधी पाणी द्या भाऊजी."

मी पाणी दिलं. ती अर्धा ग्लास प्यायली आणि तिने तोंड पुसलं.

"ताईंनीच दिलं होतं. दिवाळीच्या आधी."

"कशाला? ती तर घरून काम करत होती. परवानगी होती तिला."

"होती. तीन महिन्यांची. मग संपली."

"मला म्हणाली वाढवून मिळाली."

"नाही मिळाली. त्यांनी उत्तर पाठवलं, एवढं आजारी असाल तर लांब रजा घ्या. रजा घेतली की लॅपटॉप जमा करायचा, लॉगिन बंद."

"मग घ्यायची ना रजा! मी काय नको म्हणालो असतो?"

"मी पण तेच म्हटलं. घ्या की रजा, पडून राहा. तर मला काय म्हणाल्या माहितीये? 'शबे, घरात मी दिवसभर पेशंट असते. हे सुद्धा माझ्याशी पेशंटसारखंच बोलतात. तेवढं काम राहू दे माझ्याकडे.'"

मला ती सकाळची आठवली. कितीतरी दिवसांची. केस गेल्यावर ती डोक्याला स्कार्फ बांधायची. इस्त्रीचा कुर्ता, टिकली, हातात घड्याळ. जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायची आणि फोन समोर ठेवायची. लॅपटॉप उघडायची नाही. मग फोन थरथरायचा. ती म्हणायची, "चला, पोचले," आणि लॅपटॉप उघडायची. मला वाटायचं गंमत करते. मी चहा ठेवायचो.

"म्हणजे तू तिचं कार्ड लावायचीस."

"आठवड्यातले तीन दिवस. सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. आणि खोटं कशाला बोलू, नुसतं ताईंसाठी नव्हतं ते. आमच्या लॉबीत मोठा टीव्ही लावलाय. प्रत्येक टीमची हजेरी दाखवतात त्यावर. हिरवी, पिवळी, लाल. एक माणूस कमी पडला की अख्खी टीम लाल. लाल झाली की सगळ्यांचं प्रमोशन अडतं, वर साहेब उभं करून विचारणार ते वेगळं. ताई म्हणाल्या, माझ्यापायी तुम्ही लाल व्हायचं नाही."

"तुमच्या साहेबांना माहीत होतं?"

"त्यांनी कधी विचारलं नाही. ताईंचं काम वेळेवर जात होतं, टीम हिरवी होती. कशाला विचारतील?"

माझ्या डोक्यात भलतंच आलं. फिटरची सवय. "पण एका माणसाने दोन कार्डं कशी लावायची? ते गेट एका कार्डाला एकदाच फिरत असेल ना?"

"एकदाच फिरतं. म्हणून आधी ताईंचं लावायचं, दांडा हाताने ढकलून रिकामा फिरवायचा आणि मग माझं लावून मी आत जायचं."

"आणि गेटवरचा माणूस?"

"घुलेमामा." तिला हसू आलं. "पहिल्या दिवशी नुसते बघत राहिले. मी म्हटलं, मामा, केंजळे मॅडमना बरं नाहीये. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच दांडा फिरवायला लागले. 'या मॅडम' म्हणायचे. रिकाम्या गेटला! मागे लाइनीत उभी असलेली पोरं बघायची, हे कोणाला या म्हणतायत." हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि तिने ओढणी तोंडाशी धरली.

मी ग्लास तिच्यापुढे सरकवला. मग विचारलं, "त्या दिवशीही लावलंस?"

"मला काय माहीत हो! ॲडमिट आहेत एवढंच माहीत होतं. चार दिवसांत येतील घरी, असं तुम्हीच म्हणालात. त्यांच्या केसेस आम्ही वाटून घेतल्या होत्या. सकाळी मी कार्ड लावलं, मामांनी दांडा फिरवला. दुपारी तुमच्या मेव्हणीचा फोन आला."

पायरीवर बसून ती काय म्हणत होती ते मला तेव्हा कळलं.

"आता काय करतील?"

"दुसऱ्याचं कार्ड लावलं तर थेट काढतात. गेल्या वर्षी दोघांना काढलं. मग दुसरीकडेही कोण घेत नाही, जुन्या कंपनीत फोन करून विचारतात ना." तिचा नवरा इम्तियाज. त्याचं दुकान रस्तारुंदीत गेलं होतं, तेव्हापासून सासूबाई, दोन मुली, सगळं तिच्या पगारावर होतं. ते तिने सांगितलं नाही. मला माहीत होतं. "मी उद्या पारखी मॅडमकडे जाते आणि सांगून टाकते. झोप नाही मला."

"थांब. आधी मी जाऊन येतो. कार्ड हरवलं म्हणून सांगतो. हरवलेल्या कार्डाचं काय करणार ते?"

"तुम्ही सांगणार?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई म्हणायच्या, यांना भाजी कशी झाली हे सुद्धा खोटं सांगता येत नाही."

"एवढं जमेल."

कार्ड मी ठेवून घेतलं.

दोन दिवसांनी अर्धी रजा टाकून मी गेलो. काचेची उंच इमारत. आत गेल्यागेल्या समोर तीन दांड्यांची फिरती गेटं ओळीने, आणि बाजूला पाहुण्यांसाठी साधं दार. टेबलाशी निळ्या गणवेशातला माणूस, साठीकडे झुकलेला, बारीक मिशी.

"कोणाकडे?"

"पारखी मॅडम. नाव केंजळे."

त्याचा पेन थांबला. "वृंदा मॅडमचे मिस्टर?"

"हो."

तो उठून उभा राहिला. टोपी काढली, परत घातली. "माझ्या सुनेच्या दवाखान्याचे कागद मॅडमनीच बघून दिले होते. चांगल्या होत्या हो." मी पाहुण्यांच्या दाराकडे वळलो तसा तो म्हणाला, "तिकडून नको साहेब. इकडून या." त्याने स्वतःचं कार्ड मशिनला लावलं आणि दांडा हाताने धरून ठेवला. "या."

मी आत गेलो. मागे वळून विचारलं, "घुलेमामा ना तुम्ही? कंपनीचेच का?"

"छे! एजन्सीचा. अकरा महिन्यांचा करार असतो. संपला की परत अकरा महिने."

लॉबीत तो टीव्ही होता. त्यावर नावांच्या पट्ट्या होत्या, बहुतेक हिरव्या. वृंदाची टीम कुठली ते मला माहीत नव्हतं.

गौतमी पारखी तिशीतली असेल. टेबलावर लॅपटॉप, शेजारी अर्धवट खाल्लेला बिस्किटाचा पुडा. तिने मला बसायला सांगून मशिनचा चहा आणून दिला.

"मॅडमच्या डब्यातली जवसाची चटणी पूर्ण मजल्यावर फिरायची सर. माझ्यापर्यंत येईतो डबा चाटूनपुसून साफ." एवढं बोलून तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "सांगायला कसंतरी वाटतंय. सिस्टिम मॅडमचं रेकॉर्ड बंद करत नाहीये. मृत्यूची तारीख टाकली की अडते. कारण त्याच दिवशी सकाळी मॅडम गेटमधून आत आल्याची नोंद आहे."

"हं."

"आणि बाहेर गेल्याची नाही." ती माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होती. "म्हणजे सर, सिस्टिमच्या मते मॅडम अजून आत आहेत."

तिच्या खोलीला काचेची भिंत होती. पलीकडे लांबच लांब टेबलं, कानाला हेडफोन लावलेली डोकी. कुणीतरी खुर्ची फिरवून मागच्याशी बोलत होतं. एक बाई बाटली भरायला निघाली होती. मी बघत राहिलो. काय बघतोय ते मला कळत होतं आणि तरी मी नजर काढू शकलो नाही. शबाना त्या दुपारी आमच्या घराकडे धावली, तेव्हा तिने फक्त स्वतःचं कार्ड लावलं असणार.

"सर?"

"ऐकतोय."

"कुणीतरी त्यांचं कार्ड लावलंय, हे उघड आहे. मग मागचं बघितलं. दिवाळीपासून त्या नेमाने येतायत. आणि दवाखान्याचे कागद सांगतात की त्यातले कितीतरी दिवस त्या तिकडे होत्या. हेड ऑफिसने माझ्याकडे उत्तर मागितलंय. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग महिन्याने पुसलं जातं, त्यामुळे ते नाही. कार्ड आणलंत तुम्ही?"

"कार्ड हरवलं."

"कधी?"

"दिवाळीच्या आधीच. तिने सांगायचं राहिलं असेल, आजारपणात."

तिने काही टाइप केलं नाही. "मग सर, ते असं होतं. हरवलेलं कार्ड घेऊन कुणी परका माणूस इतके महिने आत येत होता. कार्डावरचा फोटो आणि माणूस एकच आहे का, हे बघणं गार्डचं काम. मला एजन्सीला कळवावं लागेल. सकाळच्या पाळीला एकच गार्ड असतो."

"घुले?"

"ओळखता तुम्ही?"

"आत्ताच भेटले."

"त्यांना मग आजच घरी बसवतील. एजन्सीवाले विचारतसुद्धा नाहीत."

चहा कागदी कपात होता. मी तो पूर्ण प्यायलो. मग खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"हरवलं नव्हतं. खोटं बोललो."

"मला वाटलंच." तिने कार्डाला हात लावला नाही. "कुणाकडे होतं सर?"

मी रिकामा कप चुरगळला. ती थोडी पुढे झुकली.

"मी स्पष्ट सांगते. तुम्ही मला एक नाव दिलंत की विषय संपला. आजारी बाईच्या कार्डाचा दुसऱ्याने गैरवापर केला, असं लिहिता येईल मला. मॅडमवर एक ओरखडा येणार नाही. कोण असेल याचा अंदाज मलाही आहे. पण अंदाजावर मी कुणाला काढू शकत नाही, तुम्ही सांगावं लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मॅडमनी स्वतः कार्ड दिलं, असा अर्थ होतो. तुमचे विम्याचे वगैरे कागद त्याने अडणार नाहीत, ते मी बघते. पण त्यांच्या रेकॉर्डवर शेरा पडेल. हजेरीत फसवणूक." तिने बिस्किटाचा पुडा बाजूला सारला. "खाली पायऱ्यांजवळच्या भिंतीवर जुन्या लोकांचे फोटो आहेत, बघितलेत? वार्षिक कार्यक्रमात मॅडमचा लागणार होता. सगळं ठरलं होतं. शेरा असला की नाही लावता येत."

वृंदाला लबाडी अजिबात खपायची नाही. परदेशातल्या कुठल्या म्हाताऱ्याच्या बिलात न काढलेला एक्स-रे लावलेला सापडला की ती जेवताना मला सांगायची. पोळी हातात तशीच. "अहो, त्याला बिचाऱ्याला कळणारसुद्धा नाही!" मी म्हणायचो, जेव आता. दुसऱ्या दिवशी ती ते बिल परत पाठवायची. एकदा दिवाळीत साहेबांनी सांगितलं, सोडून द्या एवढं, तर आठवडाभर साहेबांशी बोलली नव्हती.

हे मी पारखीला सांगितलं.

"माहितीये मला," ती म्हणाली. "म्हणूनच म्हणतेय. घरी जा, विचार करा, दोन दिवसांनी सांगा."

"दोन दिवसांनी काय वेगळं सांगणार? पारखी मॅडम, तिला कुणी फसवलं नाही. तुम्ही लिहिणार की आजारी बाईच्या कार्डाचा गैरवापर झाला, तर ते खोटं होईल. तिला कामावर यायचं होतं. तुम्ही म्हणालात, दारातून आत आलात तरच आलात. तिच्या पायांनी होत नव्हतं, म्हणून तिने कार्ड पाठवलं. काम कसं होतं तिचं?"

"चोख. शेवटच्या आठवड्यापर्यंत."

"मग झालं तर. लिहा. कार्ड तिने स्वतःहून दिलं, लावायला तिने सांगितलं. कुणाला दिलं ते ती आता सांगू शकत नाही, आणि मी सांगणार नाही. कार्ड खरं होतं, चालू होतं, सकाळच्या गर्दीत गार्डला दिसलं नसेल. मी नवरा आहे. सही करतो."

पारखी लॅपटॉप स्वतःकडे वळवून टाइप करायला लागली. मधेच थांबून विचारायची, "असं लिहू?" मी हो म्हणायचो. एका ठिकाणी तिने 'फसवणूक' हा शब्द काढून 'नियमभंग' लिहिला आणि मला दाखवला. मी म्हटलं, चालेल. वरच्यांनी नंतर तो पहिलाच शब्द परत घातला, असं तिने मला फोन करून सांगितलं, पण ते पुढे.

"अजून एक आहे सर," ती म्हणाली. "बाहेर गेल्याची वेळ. ती हाताने भरावी लागेल, त्याशिवाय रेकॉर्ड बंद होत नाही."

"ती गेली ती वेळ घाला. सकाळची."

तिने घालून पाहिली. "आत यायच्या आधीची वेळ घेत नाहीये."

आम्ही दोघं त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसलो. तिथे एक बारीक रेघ चमकत होती.

"तुमची सुटायची वेळ काय?" मी विचारलं.

"सहा."

"सहा घाला. ती कधी लवकर निघायची नाही."

तिने सहा घातले. मग उठून काचेकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "झालं सर. बंद झालं." मी लॅपटॉपची पिशवी तिच्या खुर्चीपाशी ठेवली आणि निघालो. पायऱ्यांजवळची ती भिंत उतरताना दिसली. वीसेक फोटो असतील. मी थांबलो नाही.

गेटवर घुलेमामा दुसऱ्या कुणाचा तरी पास बनवत होते. त्यांनी हात वर केला, मीही केला.

शबाना रस्त्यापलीकडे चहाच्या गाडीपाशी उभी होती. तिचा तीन कप चहा झाला असावा, गाडीवाला वैतागून बघत होता.

"काय झालं?"

"रेकॉर्ड बंद झालं."

"माझं नाव?"

"निघालं नाही."

"मामांचं?"

"त्यांचंही नाही."

"मग कोणावर आलं?"

"कोणावर येणार? सिस्टिमची चूक धरली त्यांनी. गेटचं मशिन जुनं आहे, भलतीच कार्डं वाचतं म्हणे. मीही सांगितलं, असल्या मशिनचे सेन्सर धूळ बसली की असं करतात."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मीही बघत राहिलो. मग तिने मोठा श्वास सोडला आणि डोळे पुसले. "तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असेल," म्हणाली. "ताई असत्या तर मशिन दुरुस्त करून घ्या म्हणून मागे लागल्या असत्या." ती हसली, मीही हसलो, आणि तिने गाडीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.

याला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो. घुलेमामांनी नोकरी सोडली आणि ते बीडकडे गावी गेले. त्या ऑफिसात आता आठवड्याचे चार दिवस जावं लागतं आणि गेटवर कार्ड नसतं, चेहरा दाखवावा लागतो. शबाना आता टीमची प्रमुख आहे. तिच्या टीममधली एक मुलगी बाळंतपणानंतर आठवड्याचे चारही दिवस येऊ शकत नव्हती. तिच्यासाठी शबाना वरच्यांशी तीन महिने भांडली, आणि शेवटी ती मुलगीच सोडून गेली. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज बसलेला होता.

ती अधूनमधून फोन करते. दर वर्षी त्या भिंतीवर नवे फोटो लागतात, तेव्हा तर नक्कीच. "भाऊजी, ताईंचा फोटो अजून का नाही हो लावला यांनी? ताईंच्या नंतर लागलेल्यांचे लागले. मी सगळ्यांच्या सह्या घेऊन जाऊ का वर?"

"राहू दे गं," मी म्हणतो.

"राहू दे काय? तुम्ही पण ना! तुम्हाला काही वाटत नाही का?"

मी दुसरं काहीतरी बोलतो. तिच्या मुलींचं विचारतो.

पारखीने ती कंपनी सोडली तेव्हा शेवटच्या दिवशी मला फोन केला होता. तिने सांगितलं की असा शेरा काढून घेता येतो. घरच्या माणसाने अर्ज करायचा, चौकशी होते. पण चौकशीत पहिलाच प्रश्न असतो की कार्ड कोणाकडे होतं.

शबानाच्या नोकरीची अजून काही वर्षं बाकी आहेत. तिला मी काही सांगितलेलं नाही. वृंदाच्या नावापुढचा शेरा तसाच आहे, तो काढायचा राहिला आहे.